कमलाक्कांच्या गाण्यावर नोटीस

"कमलाक्कांना कोर्टात उभं करून गायला लावणार म्हणे, आणि नाही गायल्या तर..."

एवढंच कानावर पडलं. बोलत होती पद्मा, शेजारच्या किट्टूराव वकिलांची बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोनवर. पुढचं मिक्सरनं गिळलं. मी भिंतीपाशी आणखी पाच मिनिटं कढीपत्ता तोडत राहिले, पण मिक्सर थांबला तेव्हा फोनही संपला होता.

किट्टूरावांची कचेरी म्हणजे त्यांच्या घराचा ओटा. दोन बाकं, एक पंखा, एक लॅपटॉप. मोबाईल, सिनेमा, खेळ यांतली नव्या जमान्याची भांडणं त्यांच्याकडे येतात. आमची मधली भिंत माझ्या छातीएवढी. त्यामुळे हे किस्से मी गोळा करायला जात नाही; तेच भिंतीवरून माझ्या अंगणात येतात.

*

आमच्या तंजावरजवळच्या ओरत्तनाडूचा एक कबड्डीवाला आला होता. कुठल्याशा ऑनलाइन गेमवाल्यांनी त्याचा फोटो न विचारता जाहिरातीत टाकलेला. किट्टूरावांनी ताबडतोब नोटीस लिहायला घेतली.

"फोटो काढून टाकायला सांगू ना?"

"सांगा सर, पण लगेच नको," तो खाली बघत म्हणाला. "मुलीकडच्यांनी तोच बघून होकार दिलाय."

नोटीस लग्नानंतरच्या तारखेची निघाली.

*

पापनाशमच्या एका मामांनी मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ इंटरनेटवर चढवला. मागे सिनेमाची गाणी वाजत होती, म्हणून तिथल्या यंत्रानं पूर्ण व्हिडिओचा आवाज बंद केला.

"सर, मंत्रही ऐकू येत नाहीत. मग लग्न लागलं असं धरायचं की नाही?"

"कायद्यानं लागलं, मामा. फक्त आवाज नाही."

"आमचंही तसंच आहे," पद्मा आतून म्हणाली.

*

आता कमलाक्का. माझ्या डाव्या हाताला किट्टूराव, तर उजव्या हाताला अक्का. त्यांचे वडील तिरुवैयारूत गाणं शिकवायचे. त्यांच्याकडून आलेलं एकेक गाणं अक्का खिडकीशी बसून म्हणायच्या आणि आपल्या चॅनेलवर ठेवायच्या. वडिलांचा नियम होता, गायलं ते गायलं, दुसऱ्यांदा सुधारून घ्यायचं नाही. म्हणून कुत्रं भुंको की कुकर वाजो, अक्का रेकॉर्डिंग परत करत नसत.

माझी मुलगी शाळेत तोंड उघडत नव्हती. अक्कांनी तिला रोज समोर बसवून गायला लावलं. आज ती चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभी राहून शिकवते. हे मी कधी विसरणार नाही.

तर चेन्नैच्या एका कंपनीनं अक्कांवर तक्रार केली. म्हणे, हे रेकॉर्डिंग आमच्या स्टुडिओतलं, बाईंनी चोरलं. त्यांच्याच अशा दोन तक्रारी आधीच लागलेल्या, ही तिसरी. तिसरी टिकली की चॅनेलच बंद.

"एक गाणं नाही अक्का, सगळंच जाईल," किट्टूराव म्हणाले.

"पण गाणं रचणारा तर केव्हाच गेला. त्यावर यांचा हक्क कसला?"

"गाण्यावर नाही, रेकॉर्डिंगवर. तुम्ही दुसरीकडे कोठें ठेवलंय का?"

"कोठें ठेवणार? गळ्यात आहे. आणि गळा आता पूर्वीचा नाही."

त्या दिवशी मी कढीपत्ताही तोडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी किट्टूरावांनी कंपनीचं रेकॉर्डिंग मोठ्यानं लावलं. अक्का बाकावर, मी भिंतीशी. आवाज हुबेहूब अक्कांचा. पण बाईंनीच यंत्रानं आमच्या गायिकेच्या आवाजाची नक्कल केली, असं कंपनीच उलटून म्हणेल, ही वकिलांची भीती.

आलाप संपला. गाणारीनं श्वास घेतला. नुसता तंबोरा चालू होता, आणि त्याच्या मागून, लांबून, आपल्या तंजावरी मराठीत एक बाई ओरडली,

"पद्मा गे, तुझ्या नवऱ्यानं काल कोणाशी भांडण केलं गे?"

किट्टूराव सावकाश भिंतीकडे वळले.

"सरोजाक्का, तुम्ही चेन्नैच्या स्टुडिओत केव्हा गेला होतात?"

अक्का उठून भिंतीपाशी आल्या. "गाताना तरी हळू बोल गे, म्हणून किती वर्षं सांगते तुला," म्हणाल्या. "बरं झालं ऐकलं नाहीस." आणि माझा हात हातात धरून ठेवला. आयुष्यभर सगळ्यांनी मला गप्प बस सांगितलं. त्या दिवशी कोणी न सांगता गप्प बसले.

*

कोर्टाची वेळ आलीच नाही. ओट्यावरूनच कंपनीशी व्हिडिओ कॉल झाला. गावं मात्र लागलं अक्कांना, तेच गाणं, तोच आलाप. श्वास घेतला तिथं किट्टूरावांनी मला खूण केली. मी भिंतीपलीकडून, रोजच्याच आवाजात, माझं वाक्य म्हटलं.

कंपनीच्या बाईंनी आपलं रेकॉर्डिंग लावलं. दोनदा ऐकलं. "ही कुठली भाषा? त्या काय म्हणताहेत?"

किट्टूरावांना स्वतःच तमिळमध्ये अर्थ सांगावा लागला. घसा दोनदा साफ करून सांगितला.

बाई थोडा वेळ कोणाशी तरी बोलल्या. मग म्हणाल्या, तिन्ही तक्रारी मागे घेतो, आजच लेखी पाठवतो. अक्कांनी डोळे मिटून हात जोडले. मीही जोडले.

"सर, जाण्याआधी एक विचारू?" बाई म्हणाल्या. "भांडण कोणाशी झालं होतं?"

किट्टूराव कॉल बंद करायचं बटण शोधत होते. तेवढ्यात पद्मा पदराला हात पुसत बाहेर आली आणि खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली.