तिथे काहीच लागत नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, जिच्यापासून काही लपवत नाही त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असता तरी आता मला फरक पडला नसता. फक्त मध्येच "अगं, तेव्हा तुझी परिस्थितीच तशी होती" असं म्हणू नका. परिस्थिती चांगली होती. तेच तर सांगायचंय.

आमच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात माझं छोटंसं नाव आहे. नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, बाहेर ऊन आणि आत एसी एवढंच टेक्सास पाहिलेल्या बायकांना मी कम्युनिटी कॉलेजची वाट दाखवते. त्या बिचाऱ्या मार्कशीटांची अख्खी फाइल घेऊन येतात. दहावी, बारावी, डिग्री, लीव्हिंग सर्टिफिकेट, सगळ्याच्या झेरॉक्स, वर सही-शिक्का. मी फाइल मिटते आणि म्हणते, "अगं, तिथे काहीच लागत नाही. अठरा पूर्ण असलीस आणि इथला पत्ता असला की झालं. नुसतं जायचं." त्यांचा विश्वास बसत नाही. आपल्या माणसाचा बसतच नाही. मार्क न विचारता आत घेतं म्हणजे त्या कॉलेजात काहीतरी पाणी मुरतंय, असंच आपल्याला वाटतं. एकीनं तर मला हळूच विचारलं होतं, "ताई, पण कॉलेज खरं आहे ना?"

मेघना किती निःस्वार्थपणे करते, असं लोक म्हणतात. म्हणू देत. हे मी प्रायश्चित्त म्हणून करत नाही, आवडतं म्हणून करते.

मीही एकेकाळी अशीच फाइल घेऊन गेले होते. काउंटरवरच्या बाईनं ती उघडलीसुद्धा नाही. पत्ता पाहिला, नाव विचारलं आणि अकाउंटिंगच्या वर्गात बसवलं. पाठीला सॅक, हातात मशीनमधली बेचव कॉफी, आणि आजूबाजूला कुणाला ठाऊक नाही की ही निखिलची बायको, अमक्यांची सून. त्या कोर्सवर मला नोकरी लागली. त्या सगळ्या काळाइतकी खूश मी आधीही नव्हते आणि नंतरही नाही – लग्नातही नाही.

मग सासरे गेले. निखिलनं आईंना अकोल्याहून कायमचं इकडे आणलं. आमची ईरा तेव्हा बालवाडीत जायची आणि धाकटा अजून रांगतही नव्हता.

सासूबाई कशा होत्या? छळवादी असत्या तर ही गोष्ट किती सोपी झाली असती! तशा नव्हत्या. ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावलेली, धडधाकट, बोलकी बाई. इथे येऊन त्यांचं बोलणंच बंद झालं. इंग्रजी येत नव्हतं, गाडी येत नव्हती, आणि इथे गाडीशिवाय माणूस म्हणजे घरातलंच एक फर्निचर.

पण त्यांना एक मैत्रीण मिळाली. कुंपणापलीकडची हेलन – जवळपास त्यांच्याच वयाची, एकटी राहणारी, जन्मापासून ऐकू न येणारी. तिला इंग्रजीचीच काय, कुठल्याच बोलण्याची गरज नव्हती. या इकडून भेंडी दाखवायच्या, ती तिकडून टोमॅटो. या गुडघा चोळून दाखवायच्या, ती कंबर धरून. दोघी खो-खो हसायच्या. पण खाणाखुणांनी किती दिवस भागणार? हेलनला काहीतरी लांबलचक सांगायचं असे, तिचे हात भराभर चालत, आणि आईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. संध्याकाळी मला म्हणायच्या, "आज ती काहीतरी मनातलं बोलत होती गं. मी नुसती मान हलवत बसले."

कॉलेजचं कोर्सांचं पुस्तक दर सत्राला घरोघरी टपालानं येतं. एकदा त्यात हातांच्या मुद्रांचा फोटो होता. तो घेऊन त्या स्वयंपाकघरात आल्या.

"मेघना, हे हातांनी बोलायचं शिकवतात का गं तुझ्या कॉलेजात? मला घेतील?"

आता बघा, मला काय काय ठाऊक होतं. काही लागत नाही हे ठाऊक होतं. पासष्टच्या पुढच्यांना फीसुद्धा माफ आहे, हे ठाऊक होतं. साइन लँग्वेजचे सर स्वतः बहिरे आहेत आणि त्या वर्गात तोंडानं बोलायचंच नसतं, म्हणजे इंग्रजीवाचून त्यांचं अडणार नाही, हेही ठाऊक होतं. आठवड्यातल्या फक्त दोन सकाळी.

आणि आणखी एक ठाऊक होतं. ते या जगात माझ्याशिवाय कुणालाच नव्हतं.

सासरे असतानाच धाकट्याच्या बाळंतपणाला त्या इकडे येऊन राहिल्या होत्या, तेव्हा एकदा माझ्या डोक्याला तेल लावताना बोलून गेल्या होत्या. नववीत शाळा सुटली. लग्न जमवताना वडिलांनी मॅट्रिक झाली म्हणून सांगितलं, आणि मग तेच जन्मभर चालवावं लागलं. सासऱ्यांना ठाऊक नव्हतं. निखिलला अजून नाही. मुलाच्या शाळेत, बँकेत, मंडळात कुणी शिक्षणाचा विषय काढला की ही बाई चहा ठेवायला उठायची. हे का ते फक्त मला माहीत. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं आणि तो माणूस मी निघाले.

मी पोळी लाटत होते. वर न बघता म्हटलं, "अहो आई, कॉलेज आहे ते. दहावीचं सर्टिफिकेट मागतात."

झालं. एवढंच. याहून मोठं काही नाही – हीच ती गोष्ट.

दुसरी कुठलीही थाप पचली नसती. लांब आहे म्हटलं असतं तर त्यांनी निखिलला सोडायला सांगितलं असतं. जागा नाही म्हटलं असतं तर पुढच्या सत्राला परत विचारलं असतं. पण सर्टिफिकेट म्हटल्यावर त्या कुणालाच विचारणार नव्हत्या, पुन्हा कधीच नाही. मला हे ठाऊक होतं. तोंडातून चुकून गेलं नाही ते. मी निवडून काढलं होतं.

त्यांनी पुस्तक मिटलं. "बरं. असू दे." जरा वेळानं जवळ येऊन म्हणाल्या, "मी विचारलं होतं म्हणून निखिलला नको सांगूस हं." मी म्हटलं, "छे हो." वर मीच उपकार केल्यासारखी.

का केलं असं?

पहिलं उत्तर तयार आहे – बाळ लहान होतं, दिवसा ते त्याच सांभाळायच्या, आणि माझी नोकरी नवी होती. खोटं. दोन सकाळींपुरतं पाळणाघर आम्हाला सहज परवडत होतं, ते घराजवळही होतं. दुसरं – घरी आल्यावर आयतं गरम जेवण मिळायचं. हे थोडं खरं आहे, पण त्यासाठी एवढं कुणी करत नाही. खरं उत्तर असं, की ते कॉलेज माझं होतं. तिथे मी कुणाची कुणी नव्हते. त्या पार्किंगमध्ये नऊवारी नेसून, पाठीला सॅक अडकवलेली सासू मला नको होती. माझे सर तिला नावानं हाक मारतील, ती सगळ्यांना लाडू वाटेल आणि महिन्याभरात ते तिचं कॉलेज होईल, हे मला दिसलं. मला नाही आवडलं. दार सगळ्यांना उघडं होतं, माझ्या बापाचं नव्हतं, तरी मी ते लावून घेतलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवलं नाही. मी छान झोपले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, आणि पुढे मंडळात याच कॉलेजवर भाषणंही ठोकली. सासूबाई पहिल्या रांगेत धाकट्याला मांडीवर घेऊन बसायच्या. त्या बसलेल्या असल्या की मात्र मी "काहीच लागत नाही" हे वाक्य इंग्रजीत म्हणायचे.

पुढे हेलनला तिची मुलगी ओहायोला घेऊन गेली. निघायच्या दिवशी ती कुंपणाशी आली आणि खूप वेळ बोलली, हातांनी. बोलता बोलता रडायला लागली, डोळे पुसायला हात थांबवायची आणि परत बोलायची. आई मान हलवत राहिल्या. गाडी गेल्यावर मला म्हणाल्या, "काय म्हणाली असेल गं?"

मी म्हटलं, "काळजी घ्या म्हणाली असेल." त्या म्हणाल्या, "एवढा वेळ?"

तेव्हाही सांगता आलं असतं. त्या सत्तरीच्याही पुढे नव्हत्या गेलेल्या. मी आत जाऊन ड्रायरमधून कपडे काढले.

आता ईरा अकरावीत आहे. शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घ्यायची इथे सोय असते, दोन्हीकडे ते मोजले जातात. बाईसाहेबांनी विषय घेतला साइन लँग्वेज, त्याच कॉलेजात. मी काय बोलणार? परवा जेवताना ती उत्साहानं सांगायला लागली.

"आजी, माझ्या क्लासमध्ये एक ग्रँडपा आहे, ही इज लाइक सेव्हंटी! ही नेव्हर फिनिश्ड स्कूल. दे टेक एनीवन, आजी, काहीच लागत नाही! यू शुड कम विथ मी!"

निखिल म्हणाला, "खरंच की. आई, तू कधीच कशी नाही गेलीस?"

सासूबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अरे, मेघनानं मला तेव्हाच सांगितलं होतं, काही लागत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "मलाच मेलीला कंटाळा. सकाळी सकाळी कोण आवरून बसणार?"

मी गप्प बसले असते तरी निभावलं असतं. गप्प बसणं निदान भित्रेपणात जमा झालं असतं. पण नाही. माझं तोंड उघडलं आणि मी साळसूदपणे म्हटलं, "हो ना. किती मागे लागले होते मी!"

"आजी, यू आर सो लेझी!" ईरा हसली. निखिल हसला. आईसुद्धा हसल्या आणि त्यांनी आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

त्यांना ते त्या क्षणी कळलं, की कधीचंच ठाऊक होतं? मी विचारलेलं नाही. पलीकडच्या खोलीत तर असतात, विचारायला किती वेळ लागतो? मी विचारणार नाही. त्याही काढणार नाहीत तो विषय. आमच्या घरात आता सगळ्यांना पक्कं माहीत आहे, की आजीला शिकायचंच नव्हतं.