नानांच्या उट्या

बंद पडलेल्या गाडीला नाना कधी बंद म्हणायचे नाहीत. "निजलीय ती," म्हणायचे. ट्रेलरवर चढवायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारून तिला चक्क सांगायचे, "चल बाई, घरी जायचंय." खरंच, मी स्वतः ऐकलंय!

नाना मोशीचे. चाकणच्या बाजूला कुणाचीही जुनी गाडी न्यायची असली की लोक त्यांनाच बोलवायचे, कारण त्यांच्या ट्रेलरवर कधी कुठल्या गाडीला ओरखडासुद्धा आला नव्हता. याचं सगळं श्रेय ते उटीला द्यायचे. उटी म्हणजे चाकापुढे ठोकायचा लाकडाचा तिरका ठोकळा. पट्टे कितीही आवळले तरी उट्या ठोकल्याशिवाय नाना हलायचे नाहीत. "पट्टा ढिला पडतो रं. उटी न्हाई."

बाबांनी चाकणच्या एका शेडमधून बंद पडलेली जुनी पद्मिनी गाडी घेतली तेव्हाही नानाच आले. मी तर वेडाच झालो होतो, नुसते व्हिडिओवर व्हिडिओ! नाना पट्टे आवळून, उट्या ठोकून चहाला गेले. मला पूजेचा शॉट पाहिजे होता, नव्या गाडीसारखी चाकाखाली लिंबं ठेवून. उट्या मध्ये येत होत्या. लाथा मारून काढल्या, सॅकमध्ये टाकल्या, शॉट घेतला आणि मित्रांना पाठवत बसलो. तेवढ्यात मागून कंटेनरवाला हॉर्न बडवायला लागला. नाना धावत येऊन थेट ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमध्ये बसले आणि आम्ही निघालो. उट्या माझ्या डोक्यातूनच गेल्या.

वाटेत एक बाइकवाला आडवा आला. नानांनी ब्रेक मारला आणि पद्मिनी हातभर पुढे सरकून ट्रेलरच्या खांबावर आदळली. पुढची जाळी पार आत गेली.

बाबा भडकले. "नाना, चाकापुढे उट्याच नाहीत! वय झालं राव तुमचं."

नाना चाकापाशी उकिडवे बसले. रिकाम्या जागेवर हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्या ठोकल्या व्हत्या ना रं, पोरा?"

सॅक माझ्या पाठीवर होती.

"मी नाही बघितलं, नाना."

नानांनी ट्रेलर विकला. नंतर एकदा त्यांची सून बाजारात भेटली. म्हणाली, "स्वतःवरचा भरवसाच गेलाय त्यांचा. कुलूप लावलं तरी चारदा माघारी येऊन ओढून बघत्यात."

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मोशीला गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लिंबं, लाथा, सॅक, सगळं.

नाना शांतपणे ऐकत होते. मग हसले. "बापानं पाठवलं व्हय तुला? माझं मन राखाया?"

"नाही नाना, शपथ! खरंच मीच काढल्या."

"मंग दाव बरं उट्या."

दाखवू काय? त्या मी गाडी आदळली त्याच आठवड्यात कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या.

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सुनेला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? म्हाताऱ्यापायी आळ अंगावर घेतंय. लई गुणाचं पोर हाय."