गुडघ्यापर्यंतचा रस्ता

शिरपूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या आजींचं नाव मी विचारलंच नाही. फोनवरच्या माझ्या बोलण्यातून त्यांना कळलं, की मी इंग्लंडला निघालोय. लगेच मांडीवरचं लुगडं सारखं करून त्या त्यावरच बोट फिरवत रस्ता दाखवू लागल्या.

"माही पोरगी तिथं समुद्राकाठच्या गावात म्हाताऱ्या माणसायले सांभाळते. तिच्या घरून निघालं का डावीकडं पावाचं दुकान हाये. मंग तळलेला मासा अन् आलूचे काप भेटतात, ते खाजो. पण उघड्यावर खाऊ नोको, पांढरे पाखरं हातातून हिसकून नेतात. समुद्र मांगं सरकला का वाळूत फिरजो."

"आजी, तुम्ही कधी गेला होतात?"

"मी कायले जातो, बाबू? पोरगी कामावर जाता जाता रोज फोनवर दाखवते."

मी सहज विचारलं, "आणि परत यायचा रस्ता?"

बोट गुडघ्यावर थांबलं.

"तो नाही माहीत. कामाचं दार आलं का फोन बंद होते."

मी तिकडं जाऊन परत आलो, त्यालाही आता वर्षं झाली. शिरपूरच्या गाडीत बसलो, की मला ते गुडघ्यावर थांबलेलं बोट दिसतं.