पाय वर करणाऱ्या बाई

भूल देणाऱ्या आमच्या डॉक्टरबाईंना अख्खा ऑपरेशन विभाग 'पायवाल्या बाई' म्हणतो, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. उंची बेताची, आवाज मात्र पार जिन्यापर्यंत. ऑपरेशननंतर पेशंटचं ब्लडप्रेशर घसरलं की आम्ही सिस्टर मंडळी सलाईनकडे धावतो, आणि बाई पलंगाच्या बटणाकडे. "आधी पाय वर!" डोक्याकडची बाजू खाली, पाय वर आणि नजर मॉनिटरवर. पायांतलं रक्त छातीकडे येतं. हृदयाने ते जोमाने पुढे ढकललं, तर सलाईनचा उपयोग होणार. नाही ढकललं, तर जास्तीचं पाणी नुसतं फुप्फुसांत साचायचं. सर्जन घाई करायला लागले की बाई त्यांना सुनावतात, "तुम्ही टाके घाला, पाण्याचं मी बघते."

परवा त्या पलंगावर माझी आत्या होती. आई गेल्यावर हिनेच मला लहानाची मोठी केली. गळ्यातली गाठ काढलेली, हृदय मुळातच नाजूक. प्रेशर उतरत चाललं आणि मी सलाईनकडे धावले. बाटली टांगलीसुद्धा मी! बाईंनी माझा हात धरला, आत्याचे पाय वर केले. मॉनिटरवरचा आकडा ढिम्म हलला नाही.

"सलाईन नको," बाई म्हणाल्या. "रक्तवाहिन्या सैल पडल्यात. त्या आवळायचं औषध सुरू कर."

"अहो बाई, आत्या आहे ती माझी!"

"म्हणूनच सांगतेय. भांडायचंय ना? औषध लाव, मग भांड."

लावलं. पण असा काही संताप आला होता म्हणून सांगू! बाईंनी स्टूल ओढलं आणि आत्याच्या नाडीवर दोन बोटं ठेवून बसल्या त्या बसल्याच. प्रेशर हळूहळू चढलं. संध्याकाळी आत्याने डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तोंड पाडून काय उभी आहेस? मेले नाही मी!"

मी रडले काय, हसले काय, माझं मलाच कळेना. मग बाईंना विचारलं, "तुम्हाला अगदी खात्री होती ना हो?"

"छे गं! अंदाज तो. बहुतेकदा बरोबर येतो, इतकंच." बाई कंबर धरून उठल्या. "खात्री असती तर दुपारीच जेवायला गेले नसते का?"