विलायती डिंक

लेप तयार झाला की नाही, हे आमच्या अक्का जिभेवर घेऊन ठरवायच्या. धुळ्यातल्या खोक्यांच्या कारखान्यात मी छपाईयंत्रावर होतो आणि अक्का पुठ्ठ्याला पांढरा लेप देण्याच्या कामावर. खडूची भुकटी, चिनी माती आणि डिंक एकत्र ढवळून रुंद कुंच्याने पुठ्ठ्यावर पसरायचं आणि पुठ्ठा दोरीवर वाळत घालायचा. डिंक कमी पडला तर छापताना शाईबरोबर खडूही उखडून यायचा. म्हणून अक्का करंगळी बुडवून जिभेला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "आजून चिकट नही."

"कागदले तहान लागेल शे, भाऊ. आधी त्याले पाज, मंग शाई लाव," हे त्यांचं नेहमीचं. त्यांनी लेप दिलेल्या पुठ्ठ्यावर शाई पसरत नसे. औषधाच्या खोक्यावरचं बारीकात बारीक अक्षरही स्वच्छ उठायचं.

अक्का भडगावकडच्या. नवरा वारलेला, गळ्यात तुळशीची माळ. कारखान्यात पाणीसुद्धा घरून आणलेल्या तांब्यातलंच पीत. लेपात पडणाऱ्या तपकिरी वड्यांना मालक 'विलायती डिंक' म्हणत. "झाडनाच ना?" असं अक्कांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मालकांनी होकाराची मान डोलावली होती. तो सरस होता, जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला. मालाची मागणी मीच लिहून पाठवत असे, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. मी बोललो नाही. अक्का काम सोडून गेल्या असत्या तर माझी छपाई बिघडली असती, एवढंच त्याचं कारण.

तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली आणि बाहेरचा माल यायचा थांबला. मालकांनी जवळच्याच कुणाकडून सरस आणवला. पोतं अक्कांनी उघडलं. एका वडीला केसांसकट कातड्याचा तुकडा चिकटलेला होता.

त्या ओरडल्या नाहीत. वडी घेऊन माझ्यापाशी आल्या.

"हाई काय शे?"

मी खाली पाहिलं.

"तुले ठाऊक व्हतं?"

"हो, अक्का."

"पहिलेपासून?"

त्यांनी माळ काढून पदरात बांधली. नळावर हात धुतले, पुन्हा धुतले, जीभ घासून घासून चूळ भरली. लेपाच्या कामावर आणखी दोघी होत्या, त्या दिवशी त्या आल्या नव्हत्या. "त्या दोन्हीसले तू सांगजो," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी सांगितलं नाही.

वर्षभराने मी त्यांच्या भावाच्या घरी गेलो. अक्का ओसरीवर वेगळ्या बसल्या होत्या. ताट वेगळं, पाण्याची घागर वेगळी. घरात पाऊल टाकण्याआधी त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

"सांगितलं नसतंत तर कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

"तू नही सांगं, म्हणीसन हाई व्हयनं. मी बी तसंच करू का?"

मी पाणी मागितलं, तर स्वतःच्या घागरीला हात न लावता त्यांनी भावजयीला हाक मारली.

त्याच हिवाळ्यात अक्का गेल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी मी लेपाच्या खोलीत गेलो आणि त्या दोघींना सगळं सांगितलं. एक तशीच उठून गेली. दुसरी तिथेच बसून राहिली. घरी तिची तीन मुलं होती. मग तिने हातातला कुंचा लेपात बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"माले कसाले सांगं, भाऊ?"