एकदा यंत्रावर बघून द्या

कृष्णनगरच्या तरुण संघात तरुण म्हणावा असा एकही माणूस उरलेला नाही. सगळे साठीच्या पुढचे. सकाळी दहाला कॅरमच्या टेबलाभोवती जमायचं, मातीच्या छोट्या कपातला, म्हणजे 'भांड'मधला, चहा प्यायचा आणि रात्रभरात मोबाइलवर आलेलं ज्ञान एकमेकांना वाचून दाखवायचं, हा त्यांचा उद्योग. आणि त्या ज्ञानाची चिरफाड करायची, हा शिबेन समाद्दारांचा.

शिबेनदा कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होते. प्रोफेसर नव्हेत हो! प्रोफेसर लोक फळ्यावर सूत्र लिहून निघून जायचे. तारा जोडणं, फ्यूज बदलणं, भिंगांवरची बुरशी पुसणं हे सगळं शिबेनदांच्या अंगावर. पण त्यामुळे झालं काय, की सूत्रं प्रोफेसरांना पाठ आणि यंत्रं कधी खोटं बोलतात ते शिबेनदांना ठाऊक. त्याची घमेंड त्यांना होती. चांगली वीतभर होती.

"शिबेनदा, आज रात्री साडेबारा ते साडेतीन आकाशातून किरणं येणार आहेत. मोबाइल उशाशी ठेवायचा नाही म्हणे," होमिओपॅथीचे दुकानदार अघोरबाबू वाचायचे.

"किरणांना घड्याळ कुणी दिलं? तुमच्या जावयानं?"

"अहो, सिंगापूरच्या टीव्हीवर दाखवलंय!"

"मग सिंगापूरला जाऊन झोपा. मोजलंय कुणी? यंत्रावर बघितलंय? नाही ना? मग गप चहा प्या."

"मोजलंय कुणी?" हे त्यांचं पालुपद. मोज्यात कांदा ठेवला की ताप उतरतो? मोजलंय कुणी? तांब्याचं कडं सांधे सोडवतं? मोजलंय कुणी? संघाच्या दाराशी एक काळा फळा होता, पूर्वी त्यावर फुटबॉलचे निकाल लागायचे. फुटबॉल खेळणारी पोरं बंगळूरला गेली, तेव्हापासून तो शिबेनदांनी बळकावला. दर रविवारी आठवड्यातल्या एका थापेचा समाचार ते त्यावर खडूनं घ्यायचे. खाली सही: शि. समाद्दार, फिजिक्स विभाग. निवृत्त झाले तरी विभाग काही सुटला नाही.

बायको बीथिका अगदी उलट. तिचा सगळ्यावर विश्वास. शनिवारी मोहरीचं तेल विकत आणायची नाही, परीक्षेला निघालेल्या पोराला अंडं खाऊ द्यायची नाही. शिबेनदा तिला रोज चिडवायचे आणि ती रोज म्हणायची, "तुमचं खरं असेल हो. पण माझं काय बिघडतं?" अडतीस वर्षं हे असंच चाललं आणि छान चाललं. त्यांना मूलबाळ नव्हतं. बीथिकाच्या भावाची मुलगी तितिर, तीच दोघांची लेक; बीथिका तिची पिशी म्हणजे आत्या, शिबेनदा पिशेमशाय. निम्मी तिकडे वाढली, निम्मी इकडे.

तो भाऊ म्हणजे पल्टू. पल्टूनं आयुष्यात काय काय विकलं ते मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. पाचेक वर्षांपूर्वी त्यानं नवीन माल आणला: लॉकेट. पोलादाच्या चकतीत जपानी म्हणवणाऱ्या काळपट दगडाची भुकटी दाबून बसवलेली. गळ्यात घातलं की त्यातून म्हणे ऊर्जा बाहेर पडते, रक्त शुद्ध होतं, झोप लागते, मोबाइलचा त्रास होत नाही. पहिलं लॉकेट त्यानं दीदीच्या गळ्यात घातलं. फुकट.

"जामाईबाबू, यात अख्खं जपान आहे," पल्टू दाजींना म्हणाला.

"जपानचं माहीत नाही, तू मात्र अख्खा आहेस," शिबेनदा म्हणाले. पल्टूही हसला. विकणारी माणसं मनाला काही लावून घेत नाहीत.

रात्री जेवताना बीथिकानं ते लॉकेट काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, "एक सांगू? हे उद्या कॉलेजात न्या. तुमचे ते विद्यार्थी आहेत ना अजून तिथं? एकदा यंत्रावर बघून द्या. तुम्ही चांगलं आहे म्हणालात तरच मी घालेन."

इतक्या वर्षांत बीथिकानं पहिल्यांदा पुरावा मागितला होता. हीच ती बाई, जिनं कशाचाही पुरावा कधी मागितला नाही म्हणून ते तिला रोज हसायचे! आणि शिबेनदांनी काय करावं? ते खो खो हसले.

"अगं, दगडाची कसली परीक्षा घ्यायची? दगड तो दगड. ह्यानं भलं होत नाही आणि वाईटही होत नाही. खुशाल घाल, नाहीतर गाईच्या गळ्यात बांध. मला कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहील का? पोरं म्हणतील, समाद्दारबाबू म्हातारपणी ताईत तपासायला आले."

"मग घालू ना?"

"घाल गं बाई, घाल."

तिनं घातलं. रविवारी फळ्यावर शिबेनदांनी लॉकेटाची खिल्ली उडवली. शेवटची ओळ अशी होती: 'या लॉकेटानं कोणताही फायदा नाही, कोणताही अपाय नाही. शि. समाद्दार, फिजिक्स विभाग.' लोक हसले. पल्टूनं मोबाइलवर फळ्याचा फोटो काढून घेतला. तो कशाला काढतोय, हे शिबेनदांनी विचारलं नाही.

बीथिकानं ते लॉकेट तीन वर्षं दिवसरात्र घातलं, अंघोळीलासुद्धा काढलं नाही. झोप चांगली लागते म्हणायची. मग एक दिवस पावडर लावताना तिच्या बोटाला गळ्यात गाठ लागली. कोलकात्याच्या खेपा सुरू झाल्या. सात महिने पहाटेची गाडी, सात महिने डबा. सगळ्यांनी सगळे उपाय सुचवले, अघोरबाबूंनी साखरगोळ्या दिल्या, शिबेनदांनी कुणाचं काही चालू दिलं नाही. डॉक्टर सांगतील तेच. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं, आणि गेली.

दवाखान्यातून तिच्या बांगड्या आणि लॉकेट एका पाकिटात घालून दिलं होतं. बांगड्या तितिरला गेल्या. लॉकेट शिबेनदांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि ते तिथंच राहिलं. सदरा बदलला की लॉकेट नव्या सदऱ्यात. कुणी विचारलं तर म्हणायचे, कपाटाची किल्ली सापडत नाही.

वर्ष होत आलं तेव्हा कॉलेजातून पियाली मॅडमचा फोन आला. ही त्यांच्या हाताखाली शिकलेली, आता तिथंच शिकवत होती. गायगर काउंटर नीट चालत नाही, उद्या मुलांचं प्रात्यक्षिक आहे, येऊन जाल का? किरणं मोजायचं ते यंत्र शिबेनदांच्या लाडक्यांपैकी एक. ते धावतच गेले. खरं तर त्या यंत्राला घरातल्यापेक्षा जास्त जपलं होतं त्यांनी.

बिघाड किरकोळ होता, एक तार सैल. ती बसवली, बटण दाबलं. एरवी हे यंत्र मोकळं ठेवलं की अधूनमधून टक्, टक् करतं, कारण हवेत, मातीत थोडी किरणं असतातच. आणि आज? शिबेनदा यंत्राच्या नळीवर वाकले आणि यंत्र तडतडायला लागलं. कढईत मोहरी टाकावी तसं.

"मॅडम, किरणांचा तो नमुना बाहेर राहिलाय. डबीत घाला आधी. किती वेळा सांगितलं तुम्हा लोकांना!"

"सर, तो शिशाच्या डबीत आहे, कुलूप आहे. किल्ली प्राचार्यांकडे."

"मग यंत्र खोटं बोलतंय." ते ताठ उभे राहिले. तडतड थांबली. पुन्हा वाकले. पुन्हा तडतड. एकदा, दोनदा, तीनदा त्यांनी तसं केलं, कारण तीनदा केल्याशिवाय काही मानायचं नाही हे त्यांनीच दोन पिढ्यांना शिकवलेलं. मग त्यांचा हात आपोआप छातीवरच्या खिशाकडे गेला.

"काय झालं सर?"

"काही नाही. नळी गेलीय. टाकून द्या हे यंत्र."

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत शिबेनदा कधी खोटं बोलले नव्हते. पियालीनं रजिस्टरात लिहिलं, 'श्री. समाद्दार यांच्या मते नादुरुस्त', आणि यंत्र भंगारच्या खोलीत गेलं. त्यांचा शब्द होता ना!

घरी आल्यावर त्यांनी लॉकेट डब्यात घातलं, डबा अंगणाच्या टोकाला विटांखाली पुरला आणि पायरीवर बसून राहिले. गाठ त्यानं झाली का? कसं सांगणार? समोरच्या गल्लीतल्या दत्तबाईंनाही गळ्याचीच गाठ झाली होती, त्यांच्या गळ्यात कुठं लॉकेट होतं? दुसरा कुणी असला प्रश्न घेऊन संघात आला असता तर शिबेनदांनीच त्याला उभा सोलला असता: एकावरून काय सिद्ध होतं? मोजलंय कुणी? नाही ना? मग गप बसा. आता स्वतःला काय म्हणायचं? रडायचं म्हटलं तरी कशासाठी ते ठरेना. तिनं सांगितलं होतं मोजायला. ताटाशेजारी आणून ठेवलं होतं, हात लांब केला की मिळेल असं. हरामखोर मी, ते मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या घरातली बाई खिडकीत येऊन बघून गेली.

महिन्याभरानं तितिरचं डोहाळजेवण आलं. सातवा लागला होता, माहेरी आली होती. पल्टूच्या घरी पायस, पाच तळण, रोहू माशाचं डोकं, सगळा थाट. शिबेनदांनी दारातूनच पाहिलं: नव्या साडीवर, गळ्याच्या खळगीत तीच काळी चकती. लांब साखळीनं आणखी एक खाली पोटावरही आलेली होती. बाळासाठी.

"ते काढ," शिबेनदा म्हणाले. "आत्ता काढ."

बायका थबकल्या. शिबेनदांनी सगळं सांगितलं: यंत्र, तडतड, खिसा. पल्टू आधी ऐकत राहिला आणि मग चक्क हसला.

"जामाईबाबू, तुम्हालाही आलं का फॉरवर्ड? किरणं म्हणे! आयुष्यभर किरणंवाल्यांना तुम्हीच झोडपलंत!" त्यानं मोबाइल काढून सगळ्यांना दाखवला. फळ्याचा फोटो. 'कोणताही अपाय नाही. शि. समाद्दार, फिजिक्स विभाग.' "ह्या फोटोवर सगळ्या नदिया जिल्ह्यात माल गेला माझा. लोक म्हणतात, सायन्सचा माणूस लिहून देतोय, मग भीती कसली?"

"मी तपासलं नव्हतं रे. न तपासता लिहिलं."

"बरं. मग आणा यंत्र. आत्ता मोजू."

यंत्र शिबेनदांच्याच शब्दावर भंगारात पडलं होतं.

"एवढं तरी सांगा," पल्टूचा आवाज आता चढला, "माझी दीदी ह्यानं गेली? सिद्ध झालंय? हो की नाही?"

इथं दुसरा कुणी असता तर छाती ठोकून हो म्हणाला असता. शिबेनदांनी मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "सिद्ध नाही. होणारही नाही."

"झालं तर मग! या, जेवायला बसा."

तितिरचा हात गळ्याशी गेला होता, तो खाली आला. "पिशेमशाय, उगाच घाबरवता हो," ती लाडानं म्हणाली. "पिशीनं तर तीन वर्षं घातलं होतं." कुणीतरी शंख उचलला. पायसाची वाटी पुढं आली. शिबेनदांना दिसत होतं की आता ही जेवेल, निजेल, आणि ती चकती दोन महिने त्या पोटावर पडून राहील.

"तितिर," ते म्हणाले, "तुझी पिशी काल माझ्या स्वप्नात आली होती."

पल्टूनं मोबाइल खाली केला.

"लाल काठाची साडी नेसली होती. ओली. केस सोडलेले. उंबऱ्याच्या आत येईना. म्हणाली, पोरीच्या गळ्यातलं उतरवा, मला जड होतंय." तोंडाला येईल ते शिबेनदा बोलत सुटले होते, जन्मभर ज्या थापा खोडल्या त्यातलीच एकेक वस्तू उचलून. "म्हणाली, बाळाला हात लावायला येते तर ते मला अडवतं."

पाहुण्यांतली एक म्हातारी हुंदका देऊन कपाळाला हात लावून बसली. तितिरनं दोन्ही चकत्या ओरबाडून काढल्या, साखळी तुटली तरी थांबली नाही. आणि पल्टू, अख्ख्या नदियाला दगड विकणारा पल्टू, "दीदी गो!" म्हणून लहान पोरासारखा रडायला लागला. दोन्ही लॉकेटं त्यानं स्वतः नेऊन जलंगी नदीत टाकली. उरलेला मालही विकणार नाही म्हणाला. कुणी विचारलं नाही, मोजलंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शिबेनदा संघात गेले. त्यांच्या आधीच बातमी आली होती. अघोरबाबूंनी चष्मा वर केला आणि मोबाइलवरून वाचायला घेतलं: "कृष्णनगरच्या थोर शास्त्रज्ञास मृत पत्नीचा दृष्टान्त, गर्भवतीचे प्राण वाचले. अकरा जणांना पाठवा." मोबाइल बाजूला ठेवून त्यांनी जरा भीत भीतच विचारलं, "शिबेनदा, हे आपलं... खरं का हो?"

शिबेनदांनी चहाचं भांड उचललं. थोडा चहा सदऱ्यावर सांडला, रिकाम्या खिशावर.

"खरं आहे," ते म्हणाले. "आली होती."