तव्यावरचं कुंकू

आमच्या मलकपेठच्या घरात एक चित्र आहे. जाड पांढऱ्या कागदावर काळा, जरासा वेडावाकडा गोल आणि खाली चार करड्या रेघा. माझ्या यजमानांच्या एका चित्रकार मित्राने तांब्याच्या पत्र्यावर ते कोरलं, पंचवीस छाप काढले आणि मग पत्र्यावर ओरखडे मारून ठेवले, सव्विसावा निघू नये म्हणून. ते ऐकून मी हळहळले होते. "अहो, केवढं छान पातेलं झालं असतं त्या तांब्याचं!"

तेव्हा मी जामबागच्या एका शाळेत गणित शिकवायची. चित्राखाली पेन्सिलीने ३/२५ लिहिलेलं पाहून मी म्हणाले, "पंचविसात तीन? नापास झालेलं चित्र तुमच्याच गळ्यात मारलं की!" यजमान हसून दमले, मग सांगितलं की तो छापाचा क्रमांक असतो. फार शहाणी समजायची स्वतःला ती तेव्हाची गणिताची बाई. आज वर्गात सापडली तर बाकावर उभी करीन तिला.

मित्र जेवायला आला की मी विचारायची, "भाऊजी, याचा अर्थ काय?" तो म्हणायचा, "वहिनी, तुम्हीच सांगा." मला वाटायचं, ह्यालाच ठाऊक नाही, म्हणून भाजी वाढून घेतोय.

अर्थ लावला आमच्या मुलीने. चार वर्षांची होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, तशी मी पुजत होते आणि ओल्या कुंकवाची वाटी तिच्या हातात होती. शिलाई मशीन झालं, विळी झाली, पोळपाट-लाटणं झालं, बापाची स्कूटरही झाली. चित्राला अजून चौकट नव्हती, ते ट्रंकेला टेकवून ठेवलं होतं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, "आईचा तवा राहिला ना!" म्हणाली आणि काळ्या गोलाच्या कडेला, पांढऱ्यावर, बोट टेकवलं.

यजमान यायच्या आत डाग काढायला मी पावाचा गर घेऊन घासायला बसले. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. ठिपका गेला नाहीच, भोवती नारिंगी ढग मात्र पसरला. यजमान आले, वाकून ठिपका पाहिला आणि लेकीला उचलून म्हणाले, "एवढ्या सगळ्यांत हिलाच कळलं बघ."

पुढच्या दसऱ्याला ती नव्हती. मेंदूज्वराने तीन दिवसांत नेलं. त्यानंतर यजमानांनी चित्राला चौकट करून आणली, भिंतीवर लावली आणि आम्ही दोघांनी तिचं नाव घरात घेणं सोडलं. ठरवलं नव्हतं काही. एकाने घेतलं की दुसऱ्याला उठून आत जावं लागायचं, म्हणून राहून गेलं. दोन वर्षांनी मुलगा झाला, त्यालाही कधी सांगितलं नाही. आता यजमानही नाहीत आणि तो मित्रही नाही.

मित्र गेल्यावर त्याच्या छापांना भाव आला. मुलाने फोनवर शोधून काढलं. "आई, तुझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन जाईल. भिंतीवर नुसतं लटकून काय करतंय ते?" पोरगा वाईट नाही. मी जिना चढताना कण्हते ते त्याला ऐकवत नाही. मी कण्हते जरा जास्तच, ती गोष्ट वेगळी.

हिमायतनगरहून चित्रं विकणारी एक बाई आली. भिंग लावून तिने आधी क्रमांक पाहिला, मग सही, मग गोलाच्या कडेशी येऊन थांबली. "आंटी, इस दाग से भाव आधा हो जाता. मगर फिकर नक्को, हमारे पास साफ करनेवाले हैं. ऐसा निकालते, पता भी नै चलता."

"नक्को," मी म्हणाले.

"क्यों आंटी? वैसे भी उजाले में उड़ रा है वो."

ते मला माहीत होतं. दरवर्षी चष्म्याचा नंबर वाढतो तशी मी चित्राच्या जवळ सरकत जाते. पण परक्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर मी खुर्ची ओढून बसले. मुलगा धावत पाणी घेऊन आला. "आई, काय आहे तो डाग?"

मी सांगितलं. बाई समोर असतानाच सांगितलं. तवा, वाटी, पावाचा गर, सगळं. पावाच्या गराला मलाच हसू आलं. तो हसला नाही.

बाईने भिंग मिटवलं आणि चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "कपड़ा डाल के रखो आंटी, ज़्यादा दिन रहता."

ती गेल्यावर त्याने कपाटातून माझी एक जुनी सुती साडी काढली, खुर्चीवर चढून चित्रावर सोडली आणि तसाच वर उभा राहिला.

"मी तिला काय म्हटलं असतं गं?" त्याने विचारलं. "ताई?"

"अक्का. आपल्याकडे अक्का म्हणतात."

भिंतीकडे तोंड करून त्याने तो शब्द एकदा म्हणून पाहिला. मग साडीचं टोक हळूच वर केलं आणि मला विचारलं, "नेमका कुठे आहे, दाखव."

गुडघ्यांवर हात टेकून मी उठले.